कोंबडीच्या पायातली दोन फॉस्फेटेजं

सहा दिवसांच्या कोंबडीच्या भ्रूणाचा पाय बदकाचा म्हणून सहज खपून जाईल. तिसऱ्या दिवशी कुशीवर उगवलेला इवलासा फुगवटा आता लांबलेला असतो आणि टोकाला वल्ह्यासारखा पसरलेला. आत बोटांच्या जागी कूर्चेच्या कांड्या आकार घेऊ लागतात, पण कांड्यांमधली जागा पेशींनी गच्च भरलेली असते. पिल्लू 21व्या दिवशी अंड्याबाहेर येतं ते मात्र सुट्या बोटांनी. मग मधल्या पेशी जातात कुठे?

त्या मरतात, तेही वेळापत्रकानुसार. सातव्या-आठव्या दिवसाच्या सुमारास बीएमपी नावाच्या प्रथिनांचा निरोप पोचतो आणि पेशीत आधीपासून निपचित पडलेली कॅस्पेज ही विकरं, म्हणजे एन्झाइम्स, जागी होतात. ती पेशीची महत्त्वाची प्रथिनं ठरावीक जागीच कापतात. उरलेला ढिगारा भक्षक पेशी गिळतात आणि आपल्या लायसोसोम नावाच्या पिशव्यांत जिरवतात. या पिशव्यांमध्ये आम्लात काम करणारी विकरं भरलेली असतात. त्यातलंच एक म्हणजे आम्लधर्मी फॉस्फेटेज. फॉस्फेटेज म्हणजे संयुगाला जोडलेलं फॉस्फेट तोडून काढणारं विकर.

हे विकर डोळ्यांना दाखवण्याची जुनी युक्ती मला फार आवडते. पायाचा पातळ काप फॉस्फेट जोडलेलं एखादं संयुग आणि शिशाचा क्षार यांच्या द्रावणात ठेवायचा. विकर जिथे फॉस्फेट तोडून मोकळं करतं, तिथेच ते शिशाला धरून बसतं. नंतर सल्फाइड दिलं की त्या जागी काळपट डाग उमटतो. मरणाऱ्या पट्ट्यात असे डाग दाटीने दिसतात. पण डाग दिसला म्हणून त्या विकरानेच पेशीला मारलं असं म्हणता येत नाही. बहुतेक वेळा ते साफसफाईला आलेलं असतं. अर्थात, नुसत्या कॅस्पेजना अडवूनही बोटांमधलं मरण पुरतं थांबत नाही. लायसोसोममधली काही विकरंही त्याला हातभार लावतात.

बदकाच्या पायात बीएमपी असतंच. पण त्याच्या बोटांमध्ये ग्रेमलिन नावाचं प्रथिनही टिकून राहतं आणि ते बीएमपीला धरून ठेवतं. निरोपच पोचत नाही, म्हणून पडदा शाबूत राहतो. कोंबडीच्या भ्रूणाच्या पायात ग्रेमलिनमध्ये भिजवलेला मणी ठेवला, तर तिच्याही बोटांमध्ये पडदा राहतो.

याच पायात, काही मिलिमीटरच्या अंतरावर, दुसरं फॉस्फेटेज उलट उद्योगाला लागतं. 1923 साली रॉबर्ट रॉबिसन यांनी वाढत्या हाडात फॉस्फेट मोकळं करणारं विकर असल्याचं दाखवलं. अल्कधर्मी परिसरात त्याचं काम जोमाने चालतं, म्हणून ते अल्कधर्मी फॉस्फेटेज. पुढे 1929 मध्ये ऑनर फेल आणि रॉबिसन यांनी कोंबडीच्या भ्रूणातली मांडीची कोवळी हाडं बाहेर काढून काचेच्या भांड्यात वाढवली. काढली तेव्हा ती निव्वळ कूर्चेची होती. भांड्यात वाढताना कूर्चेच्या पेशी फुगल्या आणि हे विकर त्यांच्यात तयार होऊ लागलं. शरीराचा, रक्ताचा संबंध तुटलेला असूनही हाड आपल्या क्रमाने पुढे गेलं, हे त्या काळी केवढं नवल वाटलं असेल!

रॉबिसन यांची कल्पना अशी होती, की विकर फॉस्फेट सोडतं आणि ते कॅल्शियमला मिळून खनिज बनतं. आज त्यात एका गोष्टीची भर पडली आहे. ऊतींमध्ये पायरोफॉस्फेट नावाचं संयुग असतं आणि ते खनिजाचे स्फटिक वाढू देत नाही. अल्कधर्मी फॉस्फेटेज या राखणदारालाच फोडतं. म्हणजे अडसर निघतो, आणि वर फॉस्फेटही हाती येतं. त्याला जोडायचं कॅल्शियम बहुतांशी अंड्याच्या कवचातून विरघळून, रक्तावाटे येतं. पिल्लाचे पाय ताठ होत जातात तसं कवच आतून झिजत जातं.