कबुतरं, कूलर आणि कचेरीचा छज्जा

मार्च लागला की नागपुरात कूलरवाले फोन उचलत नाहीत. जुनी खस काढा, नवी भरा, पंप बघा, टाकीची गळती थांबवा, ही धावपळ होळीच्या आगेमागे सुरू होते. घरचा कूलर पावसाळ्यात निदान झाकून तरी ठेवला जातो. कचेरीचा मात्र खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर बारा महिने उभा असतो. त्याला आत घेणार कोण आणि ठेवणार कुठे? पाऊस पडला की बंद झालेला तो कूलर थेट पुढच्या उन्हाळ्यात सुरू होतो. मधल्या काळात वर छज्जा, मागे भिंत, आजूबाजूला आडोसा आणि माणसाची वर्दळ शून्य. कबुतराला आणखी काय हवं?

मग एका तापलेल्या दुपारी कोणीतरी बटण दाबतं. कूलरचं तंत्र साधं आहे. पंखा खोक्यातली हवा खोलीत ढकलतो, तिची जागा घ्यायला बाहेरची हवा खस भरलेल्या बाजूच्या ताट्यांमधून आत येते, आणि ओल्या खसमधलं पाणी वाफ होताना तिच्यातली उष्णता शोषून घेतं. ताटीच्या बाहेर हातभर अंतरात जे काही सुकं आणि हलकं पडलेलं असेल, तेही या हवेबरोबर निघतं: महिनोन्महिने साचलेली विष्ठा, पिसांची भुकटी, घरट्यातली धूळ. ओली खस त्यातलं थोडंफार अडवते. पण पहिल्या दिवशी आपण बहुधा पाणी न सोडता नुसता पंखा लावून 'चालू आहे ना' एवढंच बघतो.

पक्ष्यांना वेगळी लघवी नसते. शरीरातलं नायट्रोजन ते युरिक ॲसिडच्या पांढऱ्या लगद्याच्या रूपात विष्ठेबरोबरच टाकतात. हे युरिक ॲसिड पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून पावसानेही डाग जात नाहीत. रंग आणि पत्रा मात्र ते हळूहळू खातं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात या लगद्याचं पीठ व्हायला वेळ लागत नाही. त्या पिठात पक्ष्याच्या शरीरातली प्रथिनं असतात, आणि जुन्या विष्ठेत 'क्रिप्टोकॉकस' नावाची बुरशीही वाढते. ती मुख्यतः प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसांना त्रास देते.

धडधाकट माणसाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आजार वेगळा आहे: हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. पक्ष्यांची प्रथिनं किंवा बुरशीचे कण वारंवार श्वासात गेले की काहींचं शरीर त्यांच्याविरुद्ध पेटून उठतं, आणि त्या भांडणात स्वतःच्याच फुप्फुसाला सूज येते. वेळीच संपर्क तुटला तर सूज उतरते. वर्षानुवर्षं चालू राहिला तर फुप्फुस जून चामड्यासारखं कडक होतं आणि ते पुन्हा मऊ होत नाही. फुप्फुसांच्या अशा आजारांची भारतातली एक मोठी नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. १९ शहरांतल्या २७ केंद्रांमधले १,०८४ रुग्ण तीत होते आणि त्यांतल्या ४७.३ टक्के रुग्णांना हाच आजार निघाला. या आजाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांचा एअर कूलरशी संपर्क होता. आता कूलर आपल्याकडे घरोघरी आहे, त्यामुळे एवढ्यावरून कूलरच दोषी असं म्हणता येणार नाही. पण ओलसर खसवरची बुरशी आणि तिच्या मागे कबुतराचं घरटं हा जोड शंभर खुर्च्यांच्या कचेरीत कोणी मुद्दाम बसवणार नाही, एवढं नक्की.

मुळात कबुतर कचेरीत येतं कशाला? त्याचे जंगली पूर्वज कड्याकपारीत राहणारे. अरुंद, सपाट, पावसापासून झाकलेली आणि मांजराला न पोचणारी कपार म्हणजे त्यांचं घर. सिव्हिल लाइन्समधल्या दगडी इमारतींचे कांगोरे काय, सत्तर-ऐंशीच्या दशकातले सिमेंटचे छज्जे काय, किंवा हिंगण्या-बुटीबोरीच्या शेडमधले लोखंडी अँगल काय, कबुतराच्या लेखी हे सगळे कडेच आहेत. आपण इमारत बांधली, त्याला डोंगर मिळाला. म्हणूनच त्याला हाकलण्यावर खर्च करण्यापेक्षा इमारतीचा 'कडेपणा' कमी करण्यावर करावा, असं माझं ठाम मत आहे.

हाकलण्याचे प्रकार तर आपण सगळ्यांनी पाहिलेत. प्लास्टिकचं घुबड, चमकणाऱ्या सीड्या, लाल फडकी, फटाके. नवी वस्तू दिसली की कबुतर दोन दिवस बिचकतं. ती हलत नाही, अंगावर येत नाही हे कळलं की घुबडाच्याच डोक्यावर बसतं. 'अल्ट्रासोनिक' यंत्रांची गंमत आणखी न्यारी. माणसाला ऐकू न येणारा आवाज, म्हणजे २० किलोहर्ट्झच्या वरचा, ही यंत्रं सोडतात. पण कबुतराचा कान या बाबतीत आपल्यापेक्षा कमजोर आहे. उंच पट्टीचे आवाज त्याला आपल्याइतकेही ऐकू येत नाहीत. म्हणजे यंत्र विकत घेणाऱ्याला आवाज येत नाही, कबुतरालाही येत नाही, आणि विकणाऱ्याकडे तक्रार कशाची करायची हेही कळत नाही.

पकडून लांब सोडणं हा दयाळू वाटणारा उपाय. रामटेकला नेऊन सोडलं तरी ते तुमच्या आधी कचेरीत पोचलं तर नवल नको. घराकडे परतण्याच्या याच गुणासाठी माणसाने या पक्ष्याला हजारो वर्षं पाळलं. मारण्याचा उपाय क्रूर तर आहेच, शिवाय निरुपयोगी. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात १९६१ ते १९८५ या काळात सुमारे १ लाख कबुतरं मारली गेली. संख्या २० हजारांच्या आसपास होती, ती तिथेच राहिली. जागा आणि दाणा तेवढाच असेल तर मेलेल्यांची जागा नवी पिल्लं भरून काढतात. १९८८ पासून त्याच शहराने लोकांना दाणे टाकण्यापासून परावृत्त करायला सुरुवात केली आणि चारेक वर्षांत संख्या निम्म्यावर आली. विषाचं तर नावही नको. विष खाऊन सुस्तावलेलं कबुतर एखादा शिकारी पक्षी खातो, मग तोही जातो.

तेव्हा पहिलं काम गच्चीवर नाही, कॅन्टीनच्या मागे आहे. उघडं उष्ट्याचं पिंप, डबे धुताना सांडलेला भात, चौकीदाराने पुण्य म्हणून टाकलेली मूठभर ज्वारी. कळमना किंवा इतवारीच्या धान्यबाजाराजवळ गोदाम असेल तर ट्रक लावण्याच्या जागेवरचा सांडलेला दाणा रोज संध्याकाळी झाडणं हाच अर्धा बंदोबस्त. दाणे टाकण्यावरून मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांचा केवढा वाद पेटला ते आठवत असेल. कचेरीच्या आवारात तो पेटू द्यायचा नसेल तर पाटी लावण्याआधी चौकीदाराशी दोन शब्द बोलून घ्यावेत.

दुसरी गोष्ट वेळेची. इथे सर्वांत जास्त चुका होतात आणि त्या चुकांची किंमत पिल्लं मोजतात. कबुतराची मादी बहुधा दोन अंडी घालते. साधारण १८ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि आणखी चार-पाच आठवड्यांनी उडतात. पिल्लांना वाढवायला किडे लागतात म्हणून बहुतेक पक्षी ठरावीक ऋतूतच वितात. कबुतराला ती अडचण नाही. नर आणि मादी दोघांच्याही गळ्यातल्या अन्नपिशवीच्या अस्तरातून दह्यासारखा, प्रथिनं आणि चरबीने भरलेला पदार्थ निघतो आणि पहिले काही दिवस पिल्लं त्यावरच वाढतात. त्यामुळे शहरातलं कबुतर जवळपास बारमाही विणीचं असतं. अमुक महिन्यात जाळी लावली तर घरटी नसतील, असा महिनाच नाही. प्रत्येक कपार डोळ्यांनी बघून घ्यावी लागते, आणि अंडी किंवा पिल्लं असतील तर तेवढी जागा दीड-पावणेदोन महिने सोडून बाकीचं काम करावं लागतं.

हे न करता मे महिन्यात पत्र्याच्या शेडचं भोक बुजवलं तर आतली पिल्लं तहानेने आणि उष्णतेने मरतात. आठवड्याभरात वास, मग अळ्या, आणि बुजवलेलं भोक पुन्हा फोडायचा खर्च. आई-बाप बाहेर जाळीवर धडका घेत राहतात ते वेगळंच. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा कबुतरालाही लागू आहे. आणि छताखाली कबुतराऐवजी पाकोळ्यांची वसाहत किंवा गव्हाणी घुबडाचं घरटं निघालं तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आडवा येतो. वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं किंवा घरटं विस्कटणं यालाही त्या कायद्याच्या व्याख्येत शिकारच म्हटलं आहे. तसंही धान्याच्या गोदामात गव्हाणी घुबड राहत असेल तर त्याला हलवणं म्हणजे उंदरांना आमंत्रण.

आता प्रत्यक्ष कामाकडे. अरुंद छज्ज्यावर सर्वांत टिकाऊ उपाय उताराचा: ४५ अंश किंवा त्याहून तिरका, गुळगुळीत पत्रा किंवा सिमेंटचा चढ. बसलं की घसरतं, त्यामुळे कबुतर नाद सोडतं. नवी इमारत बांधताना हा उतार जवळजवळ फुकट पडतो. आपल्याकडे मात्र हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर छज्जे खरवडून रंगवले जातात आणि सपाटच ठेवले जातात.

काट्यांच्या पट्ट्या सगळ्यांना माहीत आहेत. त्यांची टोकं बोथट असतात, काम टोचण्याचं नसून जागा अडवण्याचं. पक्षी नुसता टेकायला येत असेल तिथे त्या चालतात. घरटं करायच्या हट्टाने आलेल्याला चालत नाहीत. काट्यांत काड्या अडकवून कबुतर उलट पक्कं घरटं बांधतं. नेदरलँड्सच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं की रॉटरडॅममधल्या कावळ्याने आणि अँटवर्पमधल्या मॅगपाय या कावळ्याच्याच कुळातल्या पक्ष्याने अशा पट्ट्या उपटून त्यांचंच घरटं केलं होतं. अँटवर्पच्या घरट्यात सुमारे १,५०० काटे होते! आणि चिकट जेल कधीच वापरू नका. कबुतराचे पाय त्यात बरबटतात, आणि चिमणीसारखा छोटा पक्षी तर चिकटून तिथेच मरतो.

जिथे मुक्काम आणि घरटी आहेत तिथे जाळीला पर्याय नाही. कबुतरासाठी ५० मिलिमीटरचा चौकोन, मैनेएवढ्या पक्ष्यासाठी २८, चिमणीसाठी १९. धागा उन्हाला टिकणारा, म्हणजे यूव्ही-रोधक पॉलिथिलीनचा. स्वस्तातला साधा नायलॉन आपल्या दोन उन्हाळ्यांत कुजतो आणि मग तुटलेले धागे लोंबू लागतात. संक्रांतीनंतर झाडांवर लटकणारा नायलॉन मांजा पक्ष्यांचं काय करतो ते नागपूरकरांना सांगायला नको. सैल जाळी तेच काम बारा महिने करते.

चांगली बसवलेली जाळी जवळून पाहिली की फरक कळतो. आधी चौकटीच्या चारही बाजूंना हुक ठोकून त्यांतून स्टेनलेस स्टीलची बारीक दोरी ओवलेली असते आणि टोकाच्या स्क्रूने ती ताणलेली असते. जाळी या दोरीला छोट्या कड्यांनी घट्ट बांधलेली असते, भिंतीला खिळ्यांनी नव्हे. बोटाने दाबली तर ती लगेच मागे उसळते. एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर जाळीला उघडझाप करायची चेन (झिप) लावलेली असते, नाहीतर पहिला एसी मेकॅनिक पक्कड घेऊन स्वतःची वाट करतो आणि त्याच भोकातून संध्याकाळी कबुतर आत जातं. जुन्या दगडी इमारतीत हुक दगडात न ठोकता सांध्यातल्या चुन्यात बसवायचे. सांधा पुन्हा भरता येतो, दगड नाही. शेवटची बाजू बांधण्याआधी आत एकही पक्षी उरला नाही याची खात्री करायची, आणि हे काम दिवसा करायचं, कारण अंधार पडता पडता सगळे मुक्कामाला परततात.

गच्चीवरच्या सौर पॅनेलखालची सावली हा नवा डोंगर. त्याभोवती जाळीची झालर लावताना पॅनेलला भोकं पाडू नका. चौकटीला अडकवायच्या क्लिपा मिळतात. हवा खेळती राहायला हवी, पॅनेल तापलं की वीज कमी देतं.

सफाईत एकच नियम कडक पाळायचा: कोरडं झाडायचं नाही. आधी फवाऱ्याने पाणी मारून भिजू द्या, मग खरवडा, पिशवीत बांधा. एन-९५ मास्क, हातमोजे आणि अंगावर जुना शर्ट. एअर कॉम्प्रेसरने उडवणं म्हणजे सगळी धूळ कचेरीभर वाटून देणं. रिकामं घरटं काढताना आत वायरींचे तुकडे, झाडूच्या काड्या आणि विष्ठेने जमलेला तळ सापडेल. तो एकसंध उचलला तर धूळ कमी उडते. कूलरची जुनी खस फेकून द्या, टाकी घासून धुवा आणि पंखा लावण्याआधी पंप चालवून ताट्या पूर्ण भिजू द्या. हंगाम संपला की कूलर जाड ताडपत्रीने बांधून टाका आणि स्टँडमागची फट जाळीने बंद करा. एवढं झालं तर पुढच्या मार्चचं निम्मं काम आत्ताच होतं.

काम ठेकेदाराला देताना निविदेत 'कबुतर जाळी, चौरस फुटाचा दर' एवढंच लिहिलं तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सैल जाळी मिळेल. चौकोनाचं माप, धाग्याचा प्रकार, दोरी स्टेनलेसची, घरट्यांची आधी पाहणी, चेनच्या जागा, आणि वर्षभरात किमान दोन फेऱ्या हे सगळं लिहून घ्या. जाळीत पक्षी अडकलाच तर ओढू नका. त्याच्यावर फडकं टाकून धागा कापा. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. वन्य पक्षी असेल तर सेमिनरी हिल्सवरच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये उपचार होतात. बिलाची शेवटची रक्कम मात्र पंधरा दिवस थांबवून, सूर्य मावळताना एकदा स्वतः खाली उभं राहून बघितल्यावरच द्या.