ब्लॉकचेन प्रकल्पात अधिकृत बोलायचे कोणी?

कंपनीचे निवेदन कोणाच्या सहीने निघते, हे ठरलेले असते. ब्लॉकचेन प्रकल्पांत, म्हणजे अनेक संगणकांच्या जाळ्याने मिळून जपलेल्या सामाईक नोंदवहीवर चालणाऱ्या प्रकल्पांत, नेमके हेच ठरलेले नसते. ज्या जाळ्याला मालक नसावा म्हणून एवढा खटाटोप केला, त्याला प्रवक्ता तरी कुठून असणार? अशा प्रकल्पांचा त्यांच्या ऑनलाइन समुदायाशी चालणारा संवाद सुटसुटीत करण्याचे बहुतेक प्रयत्न याच अडचणीतून निघाले. चर्चा फार पसरते ही तक्रार जुनीच आहे; पण खरा घोळ झाला तो चर्चा कुठे संपली आणि निर्णय कुठे झाला, हे न कळल्यामुळे.

बिटकॉइनमध्ये काही काळ अधिकृत आवाज अगदी शब्दशः अस्तित्वात होता. ऑगस्ट २०१० मध्ये एका त्रुटीमुळे सुमारे १८४ अब्ज बिटकॉइन एकाच ब्लॉकमध्ये (व्यवहारांच्या नोंदींच्या एका गठ्ठ्यात) निर्माण झाले (मुळात कमाल मर्यादा २.१ कोटींची!), त्यानंतर सतोशी नाकामोतो या नावाने वावरणाऱ्या निर्मात्याने सॉफ्टवेअरमध्ये इशाऱ्याची सोय केली. ज्याच्याकडे ठरावीक गुप्त किल्ली असेल, त्याला सर्व नोडवर, म्हणजे जाळ्यातल्या संगणकांवर, एकाच वेळी संदेश झळकवता येई. सोय कामाची होती, पण किल्ली नेमकी कोणाकोणाकडे आहे आणि ती भलत्याच्या हाती पडली तर काय, या प्रश्नांना समाधानकारक उत्तर नव्हते. २०१६ मध्ये विकसकांनी ही सोय मोडीत काढली.

दुसरी वाट कागदोपत्री शिस्तीची होती. पायथन या संगणकभाषेच्या सुधारणा प्रस्तावांचा नमुना समोर ठेवून अमीर ताकी यांनी ऑगस्ट २०११ मध्ये बिटकॉइनसाठी तशीच पद्धत मांडली. प्रत्येक प्रस्तावाला क्रमांक, लेखकाचे नाव आणि सद्यस्थिती असे. या पद्धतीने निर्णय होत नसे. प्रस्ताव कुठवर आला आहे, एवढे मात्र कोणालाही पाहता येई, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत टिकाऊ सुधारणा हीच ठरली.

संकटकाळी मात्र क्रमांक पुरत नाहीत. मार्च २०१३ मध्ये ०.८ आवृत्तीने स्वीकारलेला एक ब्लॉक जुन्या आवृत्तीच्या अनेक नोडनी नाकारला आणि ब्लॉकची साखळी दुभंगली. चॅटवर हजर असलेल्या मोजक्या विकसकांनी मोठ्या मायनिंग पूलच्या (एकत्र येऊन नवे ब्लॉक तयार करणाऱ्या गटांच्या) चालकांना गाठून ०.७ वर परत जायला राजी केले, तेव्हा काही तासांत दुभंग मिटला. योग्य माणसे त्या वेळी जागी होती, यावर सगळे निभावले. घटनेचे सविस्तर टिपण पुढे क्रमांकित दस्तऐवज म्हणूनच नोंदवले गेले.

ब्लॉकच्या आकाराच्या, म्हणजे एका ब्लॉकमध्ये किती व्यवहार मावू द्यावेत याच्या, वादात एवढ्याने भागले नाही. २०१६ मध्ये हाँगकाँगला आणि २०१७ मध्ये न्यूयॉर्कला बंद दाराआड समझोते झाले. पण ज्यांच्या वतीने ते झाले असे म्हटले गेले, त्यांतल्या अनेकांना ते मान्य नव्हते. १ ऑगस्ट २०१७ रोजी बिटकॉइन कॅश हे स्वतंत्र चलन म्हणून वेगळे झाले.

इथेरियम या दुसऱ्या मोठ्या ब्लॉकचेनने प्रस्तावांची पद्धत उचललीच, शिवाय विकसकांच्या बैठका सर्वांना ऐकता येतील अशा ठेवल्या. जानेवारी २०१९ मध्ये कॉन्स्टँटिनोपल हे अद्ययावतन अगदी तोंडावर आले असताना सुरक्षा तपासनीसांनी त्यात धोका दाखवला, आणि नोडचालकांना वेळेत कळवून ते फेब्रुवारीअखेरपर्यंत पुढे ढकलता आले. उलट, नोव्हेंबर २०२० मध्ये गेथ या इथेरियमचे नोड चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी गाजावाजा न करता केलेल्या दुरुस्तीमुळे जुनी आवृत्ती चालवणारी इन्फ्युरा ही इतर अ‍ॅपना इथेरियमशी जोडून देणारी सेवा मुख्य साखळीपासून तुटली. त्रुटी जाहीर केली तर हल्लेखोरांना वाट सापडते आणि दडवली तर आपलेच लोक गाफील राहतात, हा पेच तेव्हा उघडपणे चर्चेत आला.

टोकनधारकांचे, म्हणजे प्रकल्पाची डिजिटल नाणी बाळगणाऱ्यांचे, मतदान आल्यावर शब्दांचे वजन आणखी वाढले. इथेरियमवर उभारलेल्या आर्बिट्रम या जाळ्याने मार्च २०२३ मध्ये टोकन वाटले आणि लगेच आर्बिट्रम प्रतिष्ठानला ७५ कोटी टोकन देण्याचा प्रस्ताव मतदानाला ठेवला. विरोधी कौल दिसू लागताच प्रतिष्ठानने खुलासा केला, की ही मंजुरी नसून आधीच घेतलेल्या निर्णयाचे अनुमोदन आहे. काही टोकन तोवर वापरलेही गेले होते. गदारोळानंतर प्रस्तावाचे तुकडे करण्यात आले, आणि उरलेले ७० कोटी टोकन चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मोकळे करण्याची अट व खर्चाच्या अंदाजपत्रकाची तरतूद त्यांतल्या एका प्रस्तावात लेखी आली.