औषधसंशोधनातील नव्या तंत्रासाठी राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाआधीची तयारी

केंद्र सरकारने २०२३ मध्ये राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार जाहीर केला आणि १९५८ पासून दिला जाणारा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यातच 'विज्ञान युवा' या नावाने सामावून घेतला. संगणकावर हजारो रेणू चाळून उपयुक्त रेणू निवडण्याची पद्धत, वनस्पतीतील गुणकारी घटक वेगळा काढण्याची नवी प्रक्रिया किंवा प्राण्यांऐवजी मानवी पेशींवर औषध तपासण्याचे तंत्र, अशा कामांसाठी या पुरस्काराच्या वैद्यकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, तंत्रज्ञान व नवोपक्रम या शाखांमधून विचार होऊ शकतो. एकूण शाखा १३ आहेत. आपले काम नेमके कोणत्या शाखेत बसते, हे आधी ठरवावे.

पुरस्काराचे चार प्रकार आहेत : आयुष्यभराच्या कार्यासाठी विज्ञान रत्न, विशिष्ट योगदानासाठी विज्ञान श्री, ४५ वर्षांपर्यंतच्या शास्त्रज्ञांसाठी विज्ञान युवा आणि तीन किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या कामासाठी विज्ञान टीम. सरकारी वा खासगी संस्थेतील संशोधकांप्रमाणेच कोणत्याही संस्थेत नसलेली व्यक्तीही पात्र ठरते. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्यांनी ही तरतूद विशेष लक्षात ठेवावी, कारण 'मोठ्या संस्थेचे नाव मागे नाही' एवढ्यावरच आपल्याकडे अनेक जण थांबतात. २०२४ चा पहिला विज्ञान रत्न बंगळूरचे जीवरसायनशास्त्रज्ञ गोविंदराजन पद्मनाभन यांना मिळाला. त्यांचे आयुष्यभराचे बरेचसे संशोधन मलेरियाच्या परजीवीवर आहे, आणि मलेरिया म्हणजे काय हे गडचिरोलीत कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

नामांकने राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर, केवळ ऑनलाइन स्वीकारली जातात. योजना जाहीर झाली तेव्हा त्यासाठी १४ जानेवारी ते २८ फेब्रुवारी हा काळ ठरवला होता, परंतु त्या त्या वर्षीची मुदत पोर्टलवर पाहूनच नियोजन करावे आणि शेवटच्या संध्याकाळच्या नेटवर व विजेवर विसंबून राहू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पुरस्काराच्या तयारीत आपण आपले तंत्र पोस्टरवर, लेखात, प्रदर्शनात मांडू लागतो, आणि पेटंटचा अर्ज दाखल होण्याआधी तंत्र जाहीर झाले की कायद्याच्या दृष्टीने त्याचे नावीन्य संपू शकते. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेले प्रदर्शन किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध यांना बारा महिन्यांची सवलत आहे, पण महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातील पोस्टर तिच्यात बसत नाही. माझ्या परिचयातील एका विद्यार्थी-गटाचे दोन वर्षांचे काम असेच उघडे पडले आणि ती हळहळ मला अजून आहे. म्हणून आधी तात्पुरत्या तपशिलासह पेटंटचा अर्ज करावा. व्यक्ती, स्टार्टअप आणि शैक्षणिक संस्था यांना ऑनलाइन अर्जासाठी १,६०० रुपये शुल्क आहे, आणि पूर्ण तपशील त्यानंतर बारा महिन्यांत द्यावा लागतो. महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात. बौद्धिक संपदेचे प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था मात्र नागपुरातच आहे.

वनस्पतीवर काम असेल तर आणखी काळजी हवी. वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्याच्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळद जखमेवर लावणे आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे, तरीही त्याच वापराचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले आणि भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लेखी पुरावे मांडल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले. आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३(प) हेच सांगते की पारंपरिक ज्ञान हा शोध ठरत नाही. त्यामुळे अर्जात 'ही मुळी गुणकारी आहे' एवढेच न लिहिता त्या मुळीतील घटक वेगळा करण्याची, तपासण्याची किंवा स्थिर ठेवण्याची जी रीत आपण नव्याने बसवली, तिचे मोजलेले निष्कर्ष लिहावेत. वैदूकडून माहिती घेतली असेल तर त्यांची लेखी संमती आणि श्रेय, रानातून नमुना आणला असेल तर तो कोठून आणला याची नोंद, आणि पेटंट मंजूर होण्यापूर्वी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी, हे सारे लागते. राज्य जैवविविधता मंडळाचे कार्यालय नागपूरला असल्याने शंका तेथे प्रत्यक्ष विचारता येतात.

काही कागद नंतर तयार करता येत नाहीत. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांचे रक्तनमुने वापरायचे असतील तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाला समजणाऱ्या भाषेतील संमतिपत्र नमुना घेण्यापूर्वीचेच हवे. माणसांवर औषधाची चाचणी असेल तर पहिला सहभागी घेण्याआधी भारतीय चाचणी नोंदवहीत नोंद झालेली असावी. याशिवाय प्रकाशित लेख, पेटंट अर्जाचा क्रमांक, प्रयोगशाळेच्या तारीखवार वह्या आणि गटातील प्रत्येकाचा वाटा सांगणारे सह्यांचे पत्र जवळ असावे. त्या पत्रात प्रयोगशाळा-साहाय्यकाचे नाव गळू देऊ नये.

ज्यांच्याकडे प्रयोगशाळा नाही, पण माणसांच्या वा जनावरांच्या आजारावरचे पिढीजात ज्ञान आहे, त्यांच्यासाठी गुजरातमधील राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान ही योग्य जागा आहे. तेथे वनस्पतीचे स्थानिक नाव, तिचा वापरला जाणारा भाग, औषध करण्याची रीत आणि मात्रा लिहून पाठवावी लागते. त्याच वेळी आपली माहिती कोणाला दाखवायची व कशासाठी वापरू द्यायची, याचा निर्णय नोंदवणारे पूर्वसंमतिपत्र भरावे लागते. ते घरातील शिकलेल्या मुलाकडून पूर्ण वाचून घ्यावे आणि मगच सही किंवा अंगठा करावा.