व्रोत्स्वाफ: ओड्राकाठच्या शहराची पार्श्वभूमी

पोलंडच्या नैर्ऋत्येला, सिलेशिया प्रांतात, ओड्रा नदी अनेक फाट्यांत विभागली जाते आणि त्या फाट्यांमधल्या बेटांवर व्रोत्स्वाफचा जन्म झाला. सपाट प्रदेशातली रुंद नदी ओलांडायला ही बेटे सोयीची होती, त्यामुळे व्यापाराचे मार्ग इथेच एकत्र आले. त्यांपैकी ओस्त्रुफ तुम्स्की या बेटावर सन 1000 मध्ये बिशपचे पीठ स्थापन झाले. ‘तुम्स्की’ म्हणजे कॅथेड्रलचे. एकोणिसाव्या शतकात नदीचा एक फाटा बुजवल्यामुळे हे आता खऱ्या अर्थाने बेट राहिलेले नाही, तरी नाव मात्र टिकून आहे. संध्याकाळ झाली की काळा झगा आणि उंच टोपी घातलेला माणूस हातात लांब काठी घेऊन तिथल्या गॅसच्या दिव्यांपाशी एकामागून एक थांबतो आणि ते पेटवतो. शहराच्या सर्वांत जुन्या भागाची ओळख करून घ्यायला याहून चांगली वेळ नाही.

1241 च्या मंगोल स्वारीत शहर जळाले. त्यानंतर डाव्या तीरावर माग्डेबुर्गच्या कायद्यानुसार, म्हणजे शहरे वसवण्याच्या जर्मन नियमांनुसार, नव्याने आखणी झाली. मधोमध प्रशस्त चौक, त्याला पोलिश भाषेत ‘रिनेक’ म्हणतात, आणि त्यातून काटकोनात निघणारे रस्ते. शेजारी मीठ विकण्याचा छोटा चौक, जिथे आज फुलांची दुकाने आहेत. ही आखणी आजही जशीच्या तशी पायाखाली आहे, हे मला फार मोलाचे वाटते, कारण सत्ता मात्र सतत बदलत राहिली. 1335 मध्ये शहर बोहेमियाकडे गेले, 1526 मध्ये हाब्सबुर्ग घराण्याकडे आणि 1740 च्या दशकात प्रशियाकडे. हाब्सबुर्गांच्या काळात, 1702 मध्ये, सम्राट लिओपोल्ड पहिला याने नदीकाठी विद्यापीठ स्थापले. 1807 मध्ये नेपोलियनच्या सैन्याने तटबंदी पाडायला लावली. जुन्या शहराभोवतीचा खंदक आणि त्याच्या काठाची झाडी तेवढी उरली आणि शहर बाहेर पसरू लागले. नदीच्या उत्तरेला नाडोद्झेसारख्या वस्तीत उंच भाडेचाळी उभ्या राहिल्या. 1913 मध्ये माक्स बेर्ग या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार काँक्रीटच्या भव्य घुमटाचे शताब्दी सभागृह पूर्ण झाले. 2006 मध्ये त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.

ब्रेस्लाउ या जर्मन नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहरात दुसऱ्या महायुद्धापूर्वी सहा लाखांहून अधिक लोक राहत होते. 1944 मध्ये हिटलरच्या राजवटीने त्याला ‘किल्ला’ घोषित केले. फेब्रुवारी 1945 मध्ये पडलेला सोव्हिएत सैन्याचा वेढा 6 मेपर्यंत, म्हणजे बर्लिन पडल्यानंतरही, चालू राहिला. विमाने उतरवण्यासाठी संरक्षकांनीच आपल्या शहरातील घरांच्या रांगा पाडून धावपट्टी केली. युद्धानंतर सीमा सरकल्या, जर्मन रहिवाशांना बाहेर काढण्यात आले आणि पूर्वेकडील गमावलेल्या प्रदेशांतून, ल्वूफसारख्या (आताचे युक्रेनमधील ल्विव्ह) शहरांतून, पोलिश लोक इथे येऊन वसले. त्यांच्यासोबत ऑसोलिनियमचा ग्रंथसंग्रह आणि रात्स्वावित्सेच्या लढाईचे (1794 मध्ये पोलिश सैन्याने रशियनांवर मिळवलेला विजय) विशाल वर्तुळाकार चित्रही आले, मात्र ते चित्र लोकांना पाहायला मिळाले 1985 मध्येच.

एवढ्या मोठ्या शहराची वस्ती काही वर्षांत जवळजवळ पूर्णपणे बदलावी, असे युरोपच्या इतिहासात क्वचितच घडले. नव्या रहिवाशांना ही घरे परकी होती, आणि भग्न इमारतींच्या विटा काढून त्या वॉर्साच्या उभारणीसाठी पाठवल्याही गेल्या. तरीही रिनेकच्या भोवतालची घरे आणि कॅथेड्रल त्यांनीच पुन्हा बांधून काढले. 1965 मध्ये पोलिश बिशपांनी जर्मन बिशपांना ‘आम्ही क्षमा करतो आणि क्षमा मागतो’ असे लिहिले, त्या पत्रामागची मुख्य लेखणी या शहराचे आर्चबिशप बोलेस्वाफ कोमिनेक यांची होती.

जुलै 1997 मध्ये ओड्राला महापूर आला. शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि कोझानुफसारख्या सखल भागातील नव्या वसाहतींना सर्वाधिक फटका बसला. ओस्त्रुफ तुम्स्कीवर मात्र लोकांनी रात्रंदिवस वाळूची पोती रचली. त्यांत असंख्य जण युद्धानंतर आलेल्या कुटुंबांची मुले व नातवंडे होती, आणि कॅथेड्रलचे बेट त्यांनी पाण्यापासून वाचवले.