शॉवरचे सरकते काचदार : निगा आणि दुरुस्ती

न्हाणीघरातील ओला भाग कोरड्या भागापासून वेगळा ठेवणारे, रोलरवर सरकणारे टफन्ड (तापवून झटकन थंड करून कणखर केलेल्या) काचेचे दार. एक पल्ला बहुधा भिंतीत पक्का असतो आणि दुसरा वरच्या ट्रॅकला टांगलेला असतो. खालचा गाईड त्याला फक्त सरळ ठेवतो, भार पेलत नाही. गोव्यात अशा दाराची काच वर्षानुवर्षे टिकते, धातू मात्र आधी जातो. त्याला खारी हवा जितकी कारण असते, तितकेच संडास धुण्याचे ॲसिड.

धातू : मिरामार, कळंगुट, कोलवा अशा किनारी भागांत ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवरही चहासारखे तपकिरी डाग पडतात. ३१६ प्रतीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने ती क्षाराला सहज दाद देत नाही. रोलर व ट्रॅक बदलायचेच झाल्यास हीच प्रत मागावी. बाजारातील स्वस्त ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. ते दारावर सांडावे लागत नाही. बंद न्हाणीघरात त्याच्या वाफेनेही स्टीलला बारीक खड्डे पडतात. दार जपायचे असेल तर ॲसिडची बाटली न्हाणीघराबाहेर ठेवावी.

रोलर : दार जड जाणे, मध्येच अडकणे, खडखडणे, एका अंगाला झुकणे ही बहुधा रोलरची लक्षणे. पण लगेच दुकानात धावू नये. ट्रॅकमध्ये केस आणि साबणाचा थर साचूनही दार अडते. जुन्या टूथब्रशने आणि कोमट पाण्याने तो काढून पाहावा. तरीही अडले तर चाक एका बाजूने झिजलेले किंवा बेअरिंग गंजलेले असते. चाकाचा व्यास, काचेतील भोकाचा व्यास, दोन भोकांमधले मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर आणि काचेची जाडी ही चार मापे घ्यावीत, शिवाय जुना रोलर सोबत न्यावा. एकच रोलर बदलला तर नवा-जुना उंचीत जुळत नाही, म्हणून पूर्ण संच बदलावा.

८ मि.मी. काचेचे वजन दर चौरस मीटरला २० किलो असते. ७५ × १९० सें.मी. पल्ला साधारण २८ किलो भरतो. तो एकट्याने उचलू नये. जमिनीवर गोधडी किंवा पुठ्ठा पसरावा. दार उसळू नये म्हणून रोलरखाली असलेला स्टॉपर ॲलन कीने (षटकोनी टोकाच्या चावीने) सैल करावा, पल्ला सरळ वर उचलून ट्रॅकमधून काढावा व पुठ्ठ्यावरच टेकवावा. टफन्ड काच मधोमध बरेच सोसते, पण कडेला टाइलचा नुसता टोला बसला तरी तिचा चुरा होऊ शकतो. धातू आणि काच यांच्यामध्ये नायलॉनचे वॉशर हवेच. ते हरवल्यावर नुसता स्क्रू आवळणे हे काच फुटण्याचे नेहमीचे कारण. काही रोलरचा मधला स्क्रू मुद्दाम केंद्राबाहेर असतो. तो फिरवला की पल्ला काही मिलिमीटर वर-खाली होतो. भिंतीलगतची फट वरपासून खालपर्यंत सारखी आली की थांबावे आणि स्टॉपर परत वर घ्यावा. घाईत नेमके हेच राहून जाते.

वंगणासाठी थोडा सिलिकॉन स्प्रे पुरतो. खोबरेल तेलाने दोन दिवस दार छान सरकते, मग त्यावर साबण आणि धूळ बसून चिकटा होतो.

गळती : पिवळे, ताठ झालेले पीव्हीसी सील काचेच्या जाडीप्रमाणे नवे घालावे. चौकटीच्या दारात फटी बुजवणारा सिलिकॉन फक्त बाहेरच्या कडेला भरावा. आतली कड आणि निचऱ्याची भोके बुजवली तर ट्रॅकमध्ये शिरलेले पाणी शॉवरकडे परतत नाही, खोलीत उतरते. शिर्क्यासारखा वास मारणारा सिलिकॉन धातू व संगमरवराला बाधतो. न्यूट्रल, बुरशीरोधक प्रकार घ्यावा. पावसाळ्यातल्या दमटपणाने सिलिकॉन उलट लवकर धरतो, पण फटीतच ओल असेल तर चिकटत नाही. म्हणून जुना थर खरवडून जागा पंख्याखाली पूर्ण वाळवावी आणि भरल्यावर २४ तास शॉवर लावू नये.

डाग : पांढरा थर पांढरे व्हिनेगर व पाणी सम प्रमाणात घेऊन १० मिनिटांत सुटतो. खाली कडाप्पा किंवा संगमरवर असेल तर तो आधी झाकावा, कारण आम्ल या दगडांची चकाकी खाते. जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर काचेवर तांबूस ओघळ येतात. त्यांना हातमोजे घालून ऑक्झॅलिक आम्लाचे सौम्य द्रावण लावावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. तांब्याची भांडी उजळणारी आमसुले इथे नकोत, सिलिकॉनवर रंग बसतो. रोज आंघोळीनंतर रबरी वायपर एकदा फिरवला तर यातले बरेचसे उद्भवतच नाही.

कडेला टवका उडालेला दिसला तर दार वापरणे थांबवावे. टफन्ड काच नंतर कापता, घासता किंवा भोक पाडता येत नाही. मापे देऊन नवाच पल्ला बनवून घ्यावा लागतो.