अंबाडा घालता येईल एवढा डोस

जूनमध्ये आत्याचा फोन आला तेव्हा ती दुखण्याबद्दल काही बोललीच नाही. "केस कापून टाकू का रे?" एवढंच विचारलं. ती एकाहत्तर वर्षांची आहे आणि जन्मभर तिचा अंबाडा मी विस्कटलेला पाहिलेला नाही. खोदून विचारल्यावर कळलं की तिचे हात कानाच्या वर जात नव्हते. पलंगावरून उठायचं तर आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग खिडकीच्या गजाला धरून उभं राहायचं. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. पाण्याच्या दिवशी पहाटे घागरी भरण्याचं तिचं काम आतोबांकडे गेलं होतं. दुपारी बारानंतर मात्र ती बऱ्यापैकी हिंडायची. त्यामुळे घरात कुजबुज अशी की सकाळच्या कामाचा कंटाळा करते.

त्याआधीचे तीन महिने मानेचा मणका, मग 'फ्रोझन शोल्डर', मग ड जीवनसत्त्व, शेक, पट्टा असे गेले होते. मधे कुणीतरी दिलेल्या बिननावाच्या पुड्यांनी पाच दिवस जादू केली. पुड्या संपल्या आणि आठवड्याच्या आत दुखणं परत आलं. त्या पुड्यांत बहुधा स्टिरॉइडच असावं. मी मुलांना औषधशास्त्र शिकवतो. पण दोन्ही खांदे, दोन्ही मांड्या, सकाळचा तासभराचा ताठरपणा आणि सत्तरी ओलांडलेलं वय, हे चार धागे मला एकत्र बांधता आले नाहीत. ते बांधले संधिवाताच्या डॉक्टरांनी, दहा मिनिटांत. आजाराचं नाव पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका.

नाव फसवं आहे. 'मायाल्जिया' म्हणजे स्नायूंचं दुखणं, पण या आजारात स्नायू धडधाकट असतात. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं सीपीके नावाचं एन्झाइम इथं वाढत नाही. सूज असते ती खांद्याच्या आणि खुब्याच्या सांध्यांभोवतीच्या बर्सा नावाच्या वंगणाच्या पिशव्यांत आणि स्नायूबंधांच्या म्यानांत. सोनोग्राफीत ती दिसते. विल्यम ब्रूस या स्कॉटिश डॉक्टरांनी १८८८ साली असे पाच रुग्ण नोंदवून त्याला 'म्हातारपणचा गाउट' अशा अर्थाचं नाव दिलं. आजचं नाव १९५७ साली स्टुअर्ट बार्बर यांनी वापरलं आणि ते रुळलं. हा आजार पन्नाशीच्या आत जवळजवळ होत नाही, पुरुषांपेक्षा बायकांना दुप्पट-तिप्पट होतो आणि उत्तर युरोपात सर्वांत जास्त दिसतो. आपल्याकडे त्या मानानं कमी, त्यामुळे चटकन डोक्यातही येत नाही.

आत्याचा ईएसआर, म्हणजे अंगातल्या सुजेचा अंदाज देणारी रक्ततपासणी, ७८ आला. वयाबरोबर ईएसआर थोडा वाढतोच. बायकांसाठी ढोबळ हिशेब असा की वयात दहा मिळवून निम्मं करायचं. म्हणजे तिला चाळीसपर्यंत माफ. सीआरपीही बराच वाढलेला. सीआरपी म्हणजे सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन. ते यकृतात तयार होतं आणि ते तयार करण्याचा हुकूम देतो इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप्या रेणू. पहाटेच्या वेळी त्याचा जोर जास्त असतो. आत्याची सकाळ का बिघडायची आणि दुपार का सुधारायची, याचं बरंचसं उत्तर यात आहे. घरच्यांना हे सांगितलं तेव्हा कुजबुज थांबली.

या आजारावरचं औषध म्हणजे स्टिरॉइड. तरी डॉक्टरांनी लगेच गोळी लिहिली नाही. थायरॉइड, कॅल्शियम, आमवाताच्या तपासण्या, रक्तातली प्रथिनं, छातीचा एक्स-रे, सगळं आधी पाहिलं. हा उशीर आतोबांना आवडला नाही. पण स्टिरॉइडनं गुण येणं हा या आजाराचा पुरावा धरता येत नाही. त्यानं आमवातही दबतो आणि इतर दहा दुखणीही. आधी गोळी आणि मग तपासणी केली तर खुणाच पुसल्या जातात. त्या पुड्यांनी नेमकं हेच केलं असणार.

स्टिरॉइडची गोष्ट सुरू होते सप्टेंबर १९४८ मध्ये. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवातानं जखडलेल्या एका २९ वर्षांच्या बाईला 'कंपाउंड ई' हे नवं द्रव्य रोज १०० मिलिग्रॅम टोचायला सुरुवात केली. काही दिवसांतच ती हिंडू-फिरू लागली. दोन वर्षांत हेंच आणि केंडाल, राइखश्टाइन हे रसायनशास्त्रज्ञ यांना मिळून नोबेल मिळालं. कंपाउंड ई म्हणजे कॉर्टिझोन, आणि आज या आजारात देतात त्या प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या भाषेत तो डोस होतो २० मिलिग्रॅम. आकडा पहिल्याच फटक्यात जवळपास बरोबर बसला होता. चुकलं ते पुढं: औषध मिळालं, पण ते कमी कसं करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चेहरे सुजले, हाडं ठिसूळ झाली, आणि 'स्टिरॉइड' या शब्दाची धास्ती बसली ती आजतागायत.

आपलं शरीरही रोज कॉर्टिसॉल बनवतं, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींत. प्रेडनिसोलोनच्या हिशेबात ते दिवसाला पाच मिलिग्रॅमच्या आसपास. हे औषध पेशीत शिरतं, आपल्या ग्राहकाला (रिसेप्टर, म्हणजे औषध ज्याला चिकटतं तो पेशीतला रेणू) धरून केंद्रकात जातं आणि सूज पेटवणाऱ्या जनुकांचा आवाज दाबतं. इंटरल्यूकिन-६ चंही जनुक त्यातलंच. मात्र तोच ग्राहक हाडांत, यकृतात, डोळ्यांत, मेंदूतही आहे, आणि औषधाला पत्ता विचारून जाता येत नाही. म्हणून डोसचा एवढा खल.

युरोप आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१५ साली मिळून सांगितलं: प्रेडनिसोलोनची सुरुवात रोज साडेबारा ते पंचवीस मिलिग्रॅमच्या दरम्यान करा, तिसाच्या वर जाऊ नका, साडेसात किंवा त्याहून कमीवर सुरू करू नका. कमी डोसला आग दबत नाही, तिसाच्या पुढं फायदा फारसा वाढत नाही, तोटे मात्र वाढत जातात. ब्रिटनमध्ये बहुतेकदा पंधरावर सुरू करतात. साडेबारा आणि पंचवीस यांत दुपटीचा फरक आहे, आणि खरी डॉक्टरकी त्या फटीत होते. इटलीतल्या डॉक्टरांनी ६० रुग्णांना साडेबारावर ठेवून पाहिलं. सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना तेवढं पुरलं. ज्यांना पुरलं नाही ते वजनानं जड होते. यात आश्चर्य नाही, पण आपल्याकडे गोळी लिहिताना वजनकाट्याकडे किती जण पाहतात?

आत्याचं वजन ५८ किलो. साखर काठावर, आई मधुमेहानं गेलेली, मनगट एकदा मोडलेलं. या तीन गोष्टींनी काटा खाली ओढला. बाराही महिने भाकरी थापणाऱ्या बाईला हात वर करता येत नाही, या एका गोष्टीनं वर. डॉक्टरांनी पंधरा लिहिले: दहाची एक, पाचची एक, दोन्ही एकदम, सकाळी खाल्ल्यावर. सकाळी अशासाठी की शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉलही सकाळीच चढतं. रात्री घेतलं तर झोप उडते. सोबत कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांसाठी आठवड्याची एक गोळी, कारण हाडं सर्वांत वेगानं झिजतात ती पहिल्या काही महिन्यांतच.

गोळीचं नाव बदललं तर आकडाही बदलतो, हे इथंच सांगतो. प्रेडनिसोलोनचे पाच म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोनचे चार, डेफ्लाझाकॉर्टचे सहा. दुकानदारानं "तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं" म्हणून दिलं तरी पाकिटावरचं औषधाचं नाव वाचून घ्यावं.

आतोबा यंत्रमागावर जॉबर होते. मागातला बिघाड ते वहीत लिहून ठेवायचे. तशीच वही त्यांनी आत्यासाठी घातली. पहिल्या पानावर: "पहिला दिवस, गोळी साडेआठला. फरक नाही." दुसऱ्या दिवशी: "कुशीवर न वळता उठली." चौथ्या दिवशी फक्त एक शब्द: "अंबाडा." मला ही वही कुठल्याही तक्त्यापेक्षा आवडते. ताठरपणा किती मिनिटं टिकला, हात कुठवर गेला, दुपारच्या जेवणानंतरची साखर किती, एवढंच त्यात असतं. जेवणानंतरची साखर मुद्दाम, कारण सकाळी घेतलेलं स्टिरॉइड दुपार-संध्याकाळची साखर चढवतं. उपाशीपोटीचा आकडा तोवर निरागस दिसतो. आत्याचा दुपारचा आकडा २१० वर गेला आणि मधुमेहाची छोटी गोळी सुरू करावी लागली.

तीन आठवड्यांनी साडेबारा. इथं एक घोळ झाला. पाचची गोळी अर्धी करायला आतोबांनी सुपारीचा अडकित्ता काढला. एका फोडीत तीन, दुसरीत दोन आणि उरलेला चुरा बशीत. हे फोनवर ऐकल्यावर मी दुकानातून अडीचची गोळी आणायला सांगितली. पुढच्या टप्प्यात मिलिग्रॅमचाही फरक जाणवतो. (आतड्यात विरघळावी म्हणून वेगळा थर दिलेल्या गोळ्या तर तोडूच नयेत.)

दहापर्यंत सगळं सुरळीत झालं. सप्टेंबरअखेर दहावरून थेट साडेसात केले, आणि दहाव्या दिवशी वहीत आलं: "हात कानापाशी अडला." सीआरपी पुन्हा वर. निम्म्याच्या आसपास रुग्णांत आजार असा कधी ना कधी उलटतो. अशा वेळी पंधरावर पळत जायचं नसतं. ज्या डोसवर शेवटचं बरं होतं तिथवर मागं यायचं, म्हणजे दहा. मग पुढची पायरी लहान करायची. परदेशांत एक मिलिग्रॅमच्या गोळीनं महिन्याला एकेक पायरी उतरतात. आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळते ती अडीचची किंवा पाचची. म्हणून डॉक्टरांनी एक दिवस दहा, एक दिवस साडेसात असं लावून दिलं. सरासरी पावणेनऊ. आतोबांनी कॅलेंडरवर एकाआड एक तारखेला लाल टिंब दिलं.

अवघड भाग पाचच्या खाली असतो. महिनोन्‌महिने बाहेरून आयतं मिळाल्यानं अधिवृक्क ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. त्यांना जागं व्हायला वेळ द्यावा लागतो. म्हणूनच गोळी एकाएकी बंद करायची नाही, उलट्या होऊन पोटात राहिली नाही तर दवाखाना गाठायचा. कमी करताना अंग मोडून येणं, गळून जाणं हे दोन आठवड्यांत ओसरलं तर ते बहुतेकदा डोस उतरल्याचं. खांदे-मांड्यांत तोच जुना सकाळचा ताठरपणा दिवसागणिक वाढत गेला तर आजार परतल्याचं. दोन्हींत गल्लत झाली की डोस विनाकारण वाढत राहतो. हा प्रवास वर्ष-दोन वर्षांचा, कित्येकांचा त्याहून लांब. वारंवार उलटणाऱ्यांना मेथोट्रेक्सेट या आमवातातही वापरतात त्या औषधाची जोड देतात. इंटरल्यूकिन-६ ची वाट अडवणाऱ्या सारिलुमॅबला अमेरिकेत २०२३ साली या आजारासाठी मान्यता मिळाली आहे, पण आत्यापुरता तो विषय अजून नाही.

वहीच्या मलपृष्ठावर डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय: नवी डोकेदुखी, कानशील दुखणं, चावताना जबडा भरून येणं, नजर अंधुक होणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी यायचं. या आजाराच्या काही रुग्णांत कानशिलाच्या आणि इतर मोठ्या रोहिण्यांना सूज येते. त्यात डोळा कायमचा जाऊ शकतो. तिथं पंधराची मात्रा चालत नाही, चाळीस ते साठ लागतात, आणि तेही ताबडतोब.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रोज साडेसातवर यायची पाळी होती. आत्यानं डॉक्टरांना विचारलं, "गड्डा होऊ द्या की, मग करू कमी." गड्डा म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराची यात्रा. तिथं अक्षता टाकायला गर्दीत हात वर करावा लागतो. डॉक्टर सोलापूरचेच, त्यांनी कॅलेंडर पाहिलं आणि दोन आठवडे थांबायला हरकत नाही म्हणाले. आतोबांच्या वहीत त्या आठवड्याखाली लिहिलंय: "उजवा हात पूर्ण वर. डावा थोडा कमी. सोमवारपासून साडेसात."