सरासरी वाढ आणि सरासरी घट

शेअर, सोने, कापूस अशा कोणत्याही वस्तूच्या बाजारभावातील चढ आणि उतार वेगळे काढून दोन्हींची स्वतंत्र सरासरी ठेवण्याची रीत. सापेक्ष सामर्थ्य निर्देशांक, म्हणजे बाजारात सगळे ज्याला ‘आरएसआय’ म्हणतात तो, या दोन सरासऱ्यांवर उभा आहे. उताराच्या तुलनेत चढाचा जोर किती, हे तो ० ते १०० मधल्या एका आकड्यात सांगतो. मूळचे यांत्रिकी अभियंते असलेले अमेरिकेतील जे. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली तो मांडला.

वाइल्डर यांनी १४ दिवसांचा काळ धरला. १४ बदल हाती यायला १५ दिवसांचे बंद भाव, म्हणजे दिवसाचे शेवटचे भाव, लागतात. भाव वाढला तर तो फरक वाढीच्या रकान्यात जातो आणि घटीच्या रकान्यात शून्य पडते. घटला तर उलट. घटही ऋण चिन्ह न लावता लिहितात.

खरी चूक होते ती पुढे, भागाकारात. समजा ९ दिवसांत मिळून २१ रुपये वाढ झाली आणि ५ दिवसांत १४ रुपये घट. नवखा माणूस २१ ला ९ ने आणि १४ ला ५ ने भागतो. भागायचे दोन्हीकडे १४ नेच, कारण शून्याचे दिवसही हिशेबात आहेत. सरासरी वाढ १.५, सरासरी घट १. वाढीला दोन्हींच्या बेरजेने भागून १०० ने गुणले की आरएसआय ६० येतो. चुकीच्या भागाकाराने तोच सुमारे ४५ येतो, म्हणजे ५० च्या खाली, आणि चढता बाजार उतरता दिसतो.

पंधराव्या बदलापासून रीत पालटते. कालची सरासरी गुणिले १३, अधिक आजचा बदल, भागिले १४. वरच्या उदाहरणात त्याच्या पुढच्या दिवशी भाव ४.५० रुपयांनी पडला, तर सरासरी वाढ १.३९, घट १.२५ आणि आरएसआय ५२.७. यातली सोय मोठी आहे: जुने भाव जपावे लागत नाहीत, कालचे दोन आकडे पुरतात. शिवाय साध्या सरासरीत १४ दिवसांपूर्वीची मोठी उसळी गणतीतून बाहेर पडली की आज भाव हललेला नसतानाही निर्देशांक कोसळतो. इथे जुन्या दिवसाचा प्रभाव हळूहळू विरतो.

आरएसआय ७० च्या वर गेला की अतिखरेदी, म्हणजे भाव फार चढला, आणि ३० च्या खाली गेला की अतिविक्री, म्हणजे फार पडला, असे मानण्याचा प्रघात आहे. पण जोरदार तेजीत तो आठवडेच्या आठवडे ७० च्या वर राहू शकतो. तेवढ्यावरून विकायला निघणे धोक्याचे. एकास एक बोनस, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक फुकट शेअर, मिळाल्यावर भाव साधारण निम्मा होतो, तेव्हा आधीचे भाव त्या प्रमाणात कमी करून घेतले नाहीत तर तो फरक प्रचंड घट म्हणून नोंदला जातो.

एकाच शेअरचा आरएसआय दोन ठिकाणी वेगळा दिसतो, तोही बहुधा हिशेब कुठून सुरू केला यामुळे. पहिल्या सरासरीचा प्रभाव ५० दिवसांनंतरही सुमारे अडीच टक्के उरतो. १०० दिवसांनी मात्र तो नगण्य होतो.